बॅकस्पेस दाबलं की ‘टोपी-एच’ का उमटतं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेव्हापासून आमच्या पतसंस्थेत बॅकअपचा विषय कुणी हसण्यावारी नेत नाही. दर पावसाळ्याआधी मी बॅकअप सर्व्हरच्या कमांड लाइनवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, बसून प्रती तपासतो. यंदा नव्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं, एक अक्षर चुकलं, बॅकस्पेस दाबलं. अक्षर पुसलं गेलं नाहीच, उलट पुढे टोपीचं चिन्ह (^) आणि एच उमटलं. वरचा बाण दाबला तर टोपी, दोन चौकटी कंस आणि ए. एंटर मारल्यावर सर्व्हर म्हणाला, अशी कमांडच नाही. शेजारी बसलेल्या पोराला वाटलं सॉफ्टवेअर गंडलं. गंडलं काहीच नव्हतं. ही गफलत साठ वर्षांहून जुनी आहे.

१९६३ साली आस्की संकेत, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत, ठरला तेव्हा मजकूर कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवत. चुकलेलं अक्षर खोडायचं तर त्या जागी सातही भोकं पाडायची. सातही भोकं म्हणजे १२७, तोच डिलीट. बॅकस्पेसचा क्रमांक ८, आणि त्याचं काम एवढंच की टेलिप्रिंटरचा छपाईचा ठोकळा एक घर मागे न्यायचा. कामं दोन, म्हणून संकेतही दोन. सुरुवातीच्या युनिक्स या संगणक प्रणालीत तर अक्षर पुसायला हॅशचं चिन्ह होतं आणि अख्खी ओळ पुसायला ॲट. पुढे पडदे आले आणि पुसायच्या बटणानं काय पाठवायचं यावर एकमत झालंच नाही. कुणी ८ धरला. डेक कंपनीच्या १९८३ च्या व्हीटी२२० या टर्मिनलनं १२७ धरला. आमच्या सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली बहुतेक ठिकाणी १२७ ची वाट बघते. आमचा नवा लॅपटॉप ८ पाठवत होता. तो ८ खोडण्याची खूण न ठरता कमांडचाच भाग होऊन बसत होता, आणि पडद्यावर ८ टोपी-एच असा दिसतो.

बॅशसारखं शेल, म्हणजे कमांड घेणारा नेहमीचा प्रोग्राम, ओळीची दुरुस्ती स्वतः करतं, म्हणून तिथे हे सहसा जाणवत नाही. बॅकअपचे प्रशासन प्रोग्राम बरेचदा हे काम कर्नेलवर, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यावर, सोडतात. कर्नेलला पुसणं कळतं, बाण कळत नाहीत.

मराठीत मात्र याहून वाईट घडतं. यूटीएफ-८ या आजच्या अक्षर-संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे साठवणीच्या तीन घरांचं. समजा फोल्डरचं नाव ‘कर्ज’ आणि शेवटचा ज चुकून दोनदा पडला. बॅकस्पेस दाबलं, पडद्यावर ज गेला. पण कर्नेलनं खोडला फक्त १ बाइट. उरलेले २ डोळ्यांना न दिसता ओळीत राहिले. ओळ अगदी बरोबर दिसते आणि सर्व्हर म्हणतो, असं फोल्डर नाही. मी यात अख्खी दुपार घालवली आहे. लिनक्सनं २००४ मध्ये २.६.४ या आवृत्तीत ‘आययूटीएफ८’ ही, मजकूर यूटीएफ-८ आहे असं कर्नेलला सांगणारी, खूण आणली, मग अख्खं चिन्ह पुसलं जाऊ लागलं. पण ती खूण एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या जोडणीतून, पलीकडच्या यंत्राला कळवायची ठरलेली पद्धत २०१७ सालची. जुन्या एसएसएच क्लायंटनं जोडलं की खूण बंदच राहू शकते.

म्हणून लॉगिन झाल्याबरोबर, प्रशासन प्रोग्राम सुरू करण्याआधी, ‘एसटीटीवाय’ (stty) या कमांडनं सेटिंग बघावं. त्याच कमांडला ‘इरेज’ (erase) सांगून पुढे कंट्रोल-व्ही, मग बॅकस्पेसचं बटण आणि एंटर दाबलं की बॅकस्पेस जे पाठवतं तेच पुसण्याचं चिन्ह ठरतं. आययूटीएफ८ बंद असेल तर तेही इथेच चालू करावं. इथे आळस परवडत नाही, कारण याच खिडकीतून जुन्या प्रती काढून टाकायच्या कमांडही जातात.

आमच्या मॉनिटरला आता चिठ्ठी चिकटवली आहे: ओळ गढूळ वाटली तर बॅकस्पेस मारत बसू नका, अख्खी ओळ पुसणारं कंट्रोल-यू दाबा आणि पहिल्यापासून टाइप करा.