शालेय बॅडमिंटन, मुलींचा संघ: एंट्री कुठे अडकते आणि कोणते कागद आधी बघायचे

मागच्या सीझनला जिल्हा स्पर्धेच्या टेबलापाशी एक मुलगी उभी होती, खांद्याला रॅकेटची बॅग, हातात ओळखपत्राचा फॉर्म, आणि समोरचे सर तिच्या जन्मदाखल्यावर बोट ठेवून विचारत होते की बाळाचं नाव कुठंय. दाखल्यात नावाच्या रकान्यात काहीच नव्हतं, नुसती रेघ. ती त्या शाळेची एक नंबरची सिंगल्स प्लेयर. तिला बाजूला बसवलं, बाकीच्या मुली तिच्याशिवाय खेळल्या आणि पहिल्याच फेरीत हरल्या. ती पूर्ण वेळ बॅग मांडीवर घेऊन बेंचवर बसून होती, रॅकेट बाहेर काढलीच नाही तिने. मी पीटी शिकवते, मुलींना घेऊन दरवर्षी जाते, आणि असलं चित्र मला दरवर्षी दिसतं म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी कुठली स्पर्धा ते. मी बोलतेय ती क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची शालेय स्पर्धा, जी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं, म्हणजे आपण ज्याला डीएसओ ऑफिस म्हणतो ते. जिल्हा किंवा मनपा, मग विभाग (क्रीडा खात्याचे आठ विभाग आहेत, लातूर आणि कोल्हापूर धरून), मग राज्य, आणि तिथून निवड झाली तर स्कूल गेम्स फेडरेशनची राष्ट्रीय. तुमची शाळा महानगरपालिकेच्या हद्दीत असेल तर मनपाची स्पर्धा वेगळी आणि ग्रामीण जिल्ह्याची वेगळी, चुकीच्या ठिकाणी एंट्री भरून बसू नका.

आता वयोगट. अर्धे पालक इथेच चुकतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण क्लबला जाणाऱ्या मुलींना असोसिएशनचे गट पाठ असतात, तिकडे १३, १५, १७, १९ असं चालतं. शालेय स्पर्धेत गट तीनच: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. अंडर १५ नावाचा गट शाळेत नाहीच. त्यामुळे "माझी मुलगी अंडर १५ खेळते, तिकडेच टाका" असं सरांना सांगून उपयोग नाही, तिची जन्मतारीख सांगा. आणि असोसिएशनचं रजिस्ट्रेशन किंवा बीएआयचा (बॅडमिंटन असोसिएशन ऑफ इंडिया) आयडी इथे लागत नाही, तो असला म्हणून इथले कागद माफ होत नाहीत.

हिशोब सोपा आहे. वय ३१ डिसेंबरला धरतात. २०२५-२६ या वर्षासाठी १४ खालील म्हणजे जन्म ०१/०१/२०१२ ला किंवा त्यानंतर, १७ खालील म्हणजे ०१/०१/२००९ ला किंवा त्यानंतर, १९ खालील ०१/०१/२००७ ला किंवा त्यानंतर. पुढच्या वर्षी प्रत्येकात एक वर्ष मिळवा. "त्यानंतर" हा शब्द लोक उलटा वाचतात, "त्याआधी" समजतात, म्हणून बोट ठेवून वाचा. ३१ डिसेंबर २०११ ची मुलगी एका दिवसाने १४ खालून बाहेर जाते आणि त्याला काही इलाज नाही, विनंती अर्ज करून तारीख हलत नाही.

एक मुलगी एका खेळात एकाच वयोगटात खेळते. लहान मुलगी मोठ्या गटात खेळू शकते, मोठी लहान गटात नाही. छोट्या शाळांना हे खूप नडतं. समजा तुमच्याकडे खेळणाऱ्या चारच मुली आहेत, तीन सातवीतल्या आणि एक नववीतली, तर टीम १७ मध्येच टाकावी लागेल, आणि मग त्या तिघी त्या वर्षी १४ मध्ये नाहीत. हे आधी बसून ठरवा, मुलींना विचारा. मला स्वतःला वाटतं की सातवीच्या तिघी चांगल्या असतील तर त्यांना १४ मध्येच टीम म्हणून खेळू द्यावं आणि नववीतलीसाठी तिच्या गटात दोघीतिघी शोधाव्यात, पण ते शाळेच्या ताकदीवर आहे.

संघ एकाच शाळेचा. संस्था एक असली तरी मराठी माध्यम आणि इंग्लिश माध्यम या दोन शाळा, त्यांची टीम एकत्र होत नाही. अकॅडमीत एकत्र खेळणाऱ्या चौघी चार शाळांच्या असतील तर त्या चार वेगळ्या संघांतच. संघात पाचजणी घेता येतात आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की पाचही नावं भरा. कुणाला ताप येतो, कुणाचा कागद बाद होतो, कुणाची परीक्षा येते, आणि यादीत नाव नसलेली मुलगी ऐनवेळी उभी करता येत नाही. पाचवी मुलगी नवखी असली तरी चालेल, ती बघून शिकते.

आता कागद. ओळखपत्राचा फॉर्म, बोनाफाईड, आधार, जनरल रजिस्टरचा उतारा (त्यालाच निर्गम उतारा म्हणतात) आणि जन्मदाखला. पहिले दोन शाळेत अर्ध्या तासात होतात. फॉर्मवर मुलीच्या फोटोवर अर्धा येईल असा शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही हवी, सुपरवायझरची नाही. नुसता कोपऱ्यात शिक्का मारलेला फॉर्म परत येतो.

जन्मदाखल्यावर मात्र थांबा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे मुलगी शिकते सांगोल्यात आणि जन्माची नोंद आहे मिरजेच्या नाहीतर विजापूरच्या महानगरपालिकेत. शिवाय दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे नावाचा रकाना कोरा आणि आईचं नाव कधी माहेरचं कधी सासरचं. शाळाप्रवेशाच्या वेळी हा दाखला एकदा दाखवला की कपाटात जातो आणि मग कुणी उघडून बघत नाही. जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बाळाचं नाव नोंदीत घालता येतं, जन्मनोंदणीपासून वर्षभरात फुकट आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण हा अर्ज जिथे नोंद झाली तिथेच करायचा, म्हणजे एक फेरी माहेरच्या गावाला. आणि १५ वर्षं म्हटलं तर खूप वाटतात, पण १७ खालील गटात खेळणारी मुलगी पंधरा-सोळाची असते, म्हणजे तिला खेळायची वेळ येते तेव्हा मुदत संपत आलेली असते किंवा संपलेली. म्हणून सहावीत रॅकेट हातात घेतली त्याच वर्षी दाखला काढून नावाचा रकाना बघा. ज्यांची नोंदच वर्षभरात झाली नव्हती त्यांना अधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्याला काही महिने धरा, आणि स्पर्धेच्या तोंडावर काढलेल्या दाखल्याकडे तपासणीला लोक संशयाने बघतात हेही लक्षात ठेवा.

दुसरं, आधार. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही हे खुद्द आधार देणाऱ्या यूआयडीएआयने २०२३ च्या डिसेंबरमध्ये लिहून दिलंय, तरी लोक आधार पुढे करतात आणि म्हणतात यात लिहिलंय ना. ते ओळखीसाठी. पण आधारवर आणि दाखल्यावर तारीख वेगळी असेल तर प्रश्न येतोच, आणि आधारमध्ये जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा. म्हणून आधी जन्मदाखला दुरुस्त, मग त्यावरून आधार. उलटं केलंत तर ती एक संधी वाया जाते. माझ्याकडे एका मुलीच्या वडिलांनी घाईत जवळच्या सेंटरवर जाऊन शाळेच्या चुकीच्या तारखेप्रमाणे आधार बदलून घेतलं, आणि दाखला हातात आल्यावर कळलं की आधीचंच बरोबर होतं.

तिसरं आणि सगळ्यात चिवट, जनरल रजिस्टर. त्यात जे लिहिलंय तेच शाळेच्या दृष्टीने खरं. पूर्वी शाळेत घालताना १ जून लिहून टाकायचे, आता तसं होत नाही पण वेलांटी, मधलं नाव, आडनाव यात गोंधळ आजही आहे. रजिस्टरात "श्रुती", दाखल्यात "श्रृती", आधारवर तिसरंच स्पेलिंग. क्लार्कला गोड बोलून खाडाखोड करून घेऊ नका, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय रजिस्टरात बदल करता येत नाही आणि तसा केलेला उतारा तपासणीत पकडला जातो, मग नुकसान मुलीचं. मुलगी त्या शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवायचा, शाळा सोडली की ते फार अवघड होतं. आणि ज्या मुलीने यंदाच शाळा बदललीये तिचा एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) नवीन शाळेत जमा होऊन रजिस्टरला नंबर पडला का ते बघा, कारण जूनपासून वर्गात बसतेय पण एलसी आलेला नाही अशी मुलगी कागदावर त्या शाळेची नसतेच. एलसी अडवून धरणाऱ्या शाळांचा मला खरोखर राग येतो, फीचा वाद पालकांशी असतो आणि सीझन मुलीचा जातो.

तारखांचं सांगते. पत्रकात एक तारीख ठळक असते आणि सगळे तीच बघतात. प्रत्यक्षात तीन तारखा असतात: ऑनलाइन एंट्री भरायची, तिची प्रिंट सही-शिक्क्यासह आणि फीसह जमा करायची, आणि मैदानावर रिपोर्टिंगची. ऑनलाइन भरलं म्हणजे झालं असं समजून दुसरी तारीख चुकवणाऱ्या शाळा दरवर्षी असतात. पत्रक शाळेच्या ईमेलवर येतं, तो ईमेल ऑफिसमध्ये एकाच माणसाला उघडता येतो, तो रजेवर असला की शाळेला कळतच नाही. त्यामुळे शाळा सुरू झाली की आठवड्यातून एकदा डीएसओ ऑफिसला फोन करा, लाजू नका. बऱ्याच जिल्ह्यांत बॅडमिंटनला तालुका फेरी नसते, थेट जिल्हा असतो, आणि तालुक्याची वाट बघत बसलेल्यांची एंट्री राहून जाते. आणि खाजगी इंटरस्कूल स्पर्धा जिंकली म्हणून इथे पुढच्या फेरीत जाता येत नाही, मुंबईत एमएसएसएच्या (मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन) स्पर्धा असतात त्या वेगळ्या, दोन्हीकडे वेगवेगळी एंट्री.

मुलींच्या संघाबरोबर बाई हवीच. हे विभागाच्या फेरीच्या आदल्या रात्री आठवतं लोकांना, कारण शाळेत पीटीला सर असतात. विज्ञानाच्या मॅडम असोत की संगीताच्या, त्यांचं नाव आधीच व्यवस्थापक म्हणून टाका, त्यांच्या वर्गाची सोय करा, मुख्याध्यापकांकडून लेखी आदेश घ्या. पालकांचं संमतीपत्र प्रत्येकीचं वेगळं, आणि त्यात मुक्काम असेल तर तसं लिहिलेलं असावं. मॅडम मिळाल्या नाहीत म्हणून घरी बसलेली एक चांगली टीम मी बघितलीये, आणि त्या मुलींना कुणी नीट कारणही सांगितलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी फाइलमध्ये प्रत्येकीचा वेगळा गठ्ठा, ओरिजिनल वर आणि झेरॉक्स खाली. आक्षेप आला तर ओरिजिनलच मागतात आणि "घरी आहे, व्हॉट्सॲपवर पाठवतो" चालत नाही. शूज नॉनमार्किंगचे (कोर्टवर डाग न पडणारे), काळ्या रबराचे घालून कोर्टवर सोडत नाहीत. शटल पिसांचं असतं, तुम्ही वर्षभर नायलॉनवर खेळला असाल तर निदान शेवटचे पंधरा दिवस पिसांवर खेळवा, एक ट्यूब महाग पडते पण ड्रॉप कुठे पडतो ते तिथेच कळायला नको.

सांघिक लढत एकेरी, दुहेरी, एकेरी अशी असते, दोन जिंकलेला संघ पुढे. गेम २१ चे, तीनात दोन. खेळाडूंचा क्रम लढतीआधी लिहून द्यायचा असतो आणि दिल्यावर बदलत नाही, तेव्हा एकेरी खेळलेली मुलगी दुहेरीत घेता येते का हे पंचांना चिठ्ठी देण्याच्या आधी विचारा. दुसऱ्या एकेरीला सगळ्यात कच्ची मुलगी टाकायची सवय सोडा, १-१ झालं की सगळं तिच्यावर येतं. २०२४ च्या फेब्रुवारीत आशियाई सांघिक स्पर्धेच्या फायनलला आपल्या मुली थायलंडशी २-२ वर होत्या आणि शेवटची एकेरी १७ वर्षांच्या अनमोल खरबने काढली. तेव्हा चिठ्ठी लिहिताना त्या शेवटच्या नावाला थोडा वेळ द्या, आणि लिहून झाली की मुलीलाही आधी सांगा की शेवटी तू आहेस.