साहसी उपक्रमांचे नेतृत्व : विद्यापीठीय शिक्षण

डोंगर, नदी, समुद्र, गुहा किंवा बर्फाच्छादित प्रदेश अशा ठिकाणी इतरांना घेऊन जाणे, तेथे त्यांना काही शिकवणे आणि सर्वांना सुखरूप परत आणणे या कामाचे पद्धतशीर शिक्षण देणारी ही अभ्यासशाखा आहे. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नॉर्वे या देशांतील अनेक विद्यापीठांत व महाविद्यालयांत ती शिकवली जाते. गिर्यारोहण किंवा नौकानयन यांच्या प्रशिक्षणाशी तिचे जवळचे नाते असले तरी ती त्यांच्यापासून वेगळी आहे, कारण तिच्या केंद्रस्थानी स्वतःचे कसब नसून दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी असते. अवघड कातळ सहज चढणारा गिर्यारोहक दहा-बारा नवख्या मुलांच्या तुकडीचा चांगला प्रमुख ठरेलच असे नाही. कोणाच्या पायाला फोड आला आहे, कोण भीतीने गप्प झाले आहे, कोणाचे पाणी संपले आहे, याकडे त्याचे लक्ष असावे लागते, आणि ही सवय चढाईच्या सरावातून आपोआप लागत नाही.

इतिहास : या शिक्षणाचे मूळ शाळांबाहेरच्या चरित्र-शिक्षणाच्या चळवळीत सापडते. जर्मनीतून ब्रिटनमध्ये आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी जहाज व्यावसायिक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने १९४१ मध्ये वेल्समधील अबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ या साहसातून तरुणांना घडवणाऱ्या उपक्रमाची पहिली शाळा सुरू केली. युद्धात बुडालेल्या व्यापारी जहाजांवरील तरुण खलाशी, शरीराने धडधाकट असूनही, जीवरक्षक होड्यांमध्ये टिकाव धरू शकत नाहीत, हे निरीक्षण या उपक्रमामागे होते. युद्धानंतर स्कॉटलंडमध्ये ग्लेनमोर लॉज आणि वेल्समध्ये प्लास इ ब्रेनिन ही राष्ट्रीय केंद्रे उभी राहिली. शाळांच्या डोंगरसहली वाढू लागल्या, तेव्हा त्यांच्या प्रमुखांसाठी काही किमान पात्रता हवी असे वाटू लागले आणि १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये पर्वतीय नेतृत्व प्रशिक्षण मंडळ स्थापन झाले.

अमेरिकेत या विचाराला वेगळे वळण पॉल पेटझोल्ट यांनी दिले. १९३८ च्या के-२ शिखरावरील अमेरिकन मोहिमेत सहभागी झालेले पेटझोल्ट काही काळ तेथील आउटवर्ड बाउंडमध्ये काम करत होते. उपक्रम चालवण्यास सक्षम प्रशिक्षकच पुरेसे नाहीत, हे तेथे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी १९६५ मध्ये वायोमिंग राज्यातील लँडर येथे ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ सुरू केले. आठवडेच्या आठवडे रानात राहून स्वयंपाक, मार्ग ठरवणे आणि सहकाऱ्यांशी वागणे शिकवणाऱ्या या शाळेने मोहिमेतील वर्तनाला तांत्रिक कौशल्याइतकेच महत्त्व दिले. पुढे १९७७ मध्ये पेटझोल्ट यांनी विद्यापीठांतील अध्यापकांसह ‘वाइल्डरनेस एज्युकेशन असोसिएशन’ ही संस्था स्थापली. महाविद्यालयांमधूनच प्रमाणित नेते घडवावेत हा तिचा हेतू होता. विवेकबुद्धीने निर्णय घेण्याची क्षमता हा नेतृत्वाचा गाभा आहे, असे पेटझोल्ट आवर्जून सांगत. तो विचार आजही या विषयाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत टिकून आहे.

दोन दुर्घटना : ब्रिटनमध्ये या शिक्षणाला जे कडक रूप आले, त्यामागे दोन घटना आहेत. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबरामधील एका शाळेच्या मुलांचे दोन गट स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर गेले होते. कमी अनुभवी मुलांच्या गटाबरोबर शारीरिक शिक्षण महाविद्यालयाची एक २१ वर्षांची विद्यार्थिनी आणि १८ वर्षांची एक साहाय्यक तरुणी होती. हिमवादळात त्यांना पठारावरचा निवारा गाठता आला नाही. दोन रात्री बर्फात काढाव्या लागल्या आणि त्यात पाच मुले व ती साहाय्यक तरुणी मरण पावली. ब्रिटनमधील पर्वतीय अपघातांच्या इतिहासातील ही अत्यंत भीषण घटना मानली जाते. मुलांना हिवाळ्यात उंचावर नेणाऱ्याची पात्रता काय असावी, एका प्रमुखामागे किती मुले असावीत आणि उंचावरचे निवारे माणसाला मदत करतात की त्याला चुकीच्या योजनेकडे ओढतात, यांवर त्यानंतर देशभर वाद झाला. पठारावरील निवारे पुढे काढून टाकण्यात आले.

दुसरी घटना समुद्रावरची आहे. २२ मार्च १९९३ रोजी दक्षिण इंग्लंडमधील लाइम उपसागरात छोट्या नावांतून (कयाकमधून) निघालेल्या प्लिमथच्या शाळकरी मुलांपैकी चार जण मृत्युमुखी पडले. उपक्रम चालवणारी कंपनी आणि तिचे व्यवस्थापकीय संचालक सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले. कंपनी म्हणून अशा गुन्ह्यात दोषी ठरण्याची इंग्लंडमधील ही पहिली घटना होती. त्यानंतर संसदेने १९९५ मध्ये कायदा केला. त्यामुळे १८ वर्षांखालील मुलांसाठी पैसे घेऊन गिरिभ्रमण, आरोहण, जलक्रीडा किंवा गुहाभ्रमण घडवणाऱ्या संस्थांना परवाना घेणे बंधनकारक झाले. परवाना देताना प्रशिक्षकांची पात्रता तपासली जाते, म्हणून शिकलेल्या नेत्यांची मागणी वाढली आणि विद्यापीठांना या विषयासाठी विद्यार्थी मिळू लागले. एका अर्थाने या विद्याशाखेची बरीचशी मांडणी शोकातून झालेली आहे. तिच्या वर्गांत या दोन्ही घटनांचा तपशीलवार अभ्यास केला जातो, तो याचमुळे.

काय शिकवले जाते : पहिला भाग तंत्राचा असतो. नकाशा व होकायंत्र वापरून धुक्यात आणि रात्री मार्ग शोधणे, दोर व गाठी, नदी ओलांडणे, तंबूतले राहणे, दुर्गम भागातील प्रथमोपचार, बचाव आणि हवामान हे त्याचे घटक आहेत. वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम अजूनही पहिल्या काही धड्यांत येतो. सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर धरावे आणि दर सहाशे मीटर चढाईसाठी एक तास वाढवावा, असा तो नियम आहे. दहा किलोमीटर अंतर आणि सहाशे मीटर चढ असेल तर तीन तास लागतील. पण हा हिशोब एकट्या तंदुरुस्त माणसाचा असतो. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्यावर ठरतो आणि प्रत्येक थांब्याला लागणारा वेळ गटाच्या संख्येनुसार वाढत जातो. नवख्या नेत्यांची योजना इथेच फसते आणि अंधार पडायला लागल्यावर ती फसल्याचे कळते.

दुसरा भाग माणसांचा आहे. नेतृत्वाच्या शैलीसंबंधी या विषयात सायमन प्रीस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम पायाभूत मानले जाते. त्यांच्या मांडणीनुसार नेत्याने एकाच शैलीला चिकटून राहू नये. भोवतालचा धोका, गटातील एकजूट, प्रत्येक सदस्याची क्षमता, नेत्याचे स्वतःचे प्रावीण्य आणि निर्णय चुकल्यास होणारे परिणाम या पाच गोष्टी पाहून त्याने हुकूम द्यावा, सर्वांना विचारून ठरवावे किंवा निर्णय गटावर सोपवावा. मुक्कामाची जागा निवडणे गटावर सोपवता येते. वीज कडाडत असताना कड्यावरून खाली उतरायचे की नाही, यावर मतदान घेता येत नाही. शैली कोणती हे माहीत असण्यापेक्षा ती कधी बदलायची हे ओळखणे अवघड असते, आणि विद्यार्थ्यांची परीक्षा बहुतेक वेळा तेथेच होते.

याच भागात निर्णयातील चुकांचे मानसशास्त्र येते. इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळात अमेरिकेत हिमस्खलनांमुळे झालेल्या ७१५ अपघातांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. बळी पडलेल्यांपैकी अनेकांना हिमस्खलनाचे शास्त्र माहीत होते. तरीही ओळखीची वाट आहे म्हणून, एकदा ठरवले आहे म्हणून, गटात कोणी तज्ज्ञ आहे म्हणून किंवा इतर लोकही तिकडेच गेले आहेत म्हणून ते धोक्याच्या उतारावर उतरले, असे त्यातून दिसले. हा निष्कर्ष बर्फापुरता मर्यादित नाही. कोणत्याही डोंगरावर, कोणत्याही हंगामात, माणसे अशाच कारणांनी पुढे जात राहतात. म्हणून माघार घेण्याचा निर्णय आदल्या दिवशीच वेळ आणि ठिकाण यांसह ठरवून ठेवण्याची शिस्त या अभ्यासक्रमांत लावली जाते.

या शिकवण्याच्या पद्धतीला अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या अनुभवाधारित शिक्षणाच्या विचाराचा आणि शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अनुभव, चिंतन, संकल्पना व प्रयोग या चक्राचा आधार आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की विद्यार्थी प्रत्यक्ष गट घेऊन जातो, अध्यापक मागे राहून पाहतो, आणि परतल्यावर दोघे बसून प्रत्येक निर्णय उलगडतात. नोंदवही ठेवणे सक्तीचे असते. थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंदही तीत करावी लागते, कारण घडलेल्या अपघातापेक्षा टळलेल्या अपघाताकडून शिकणे स्वस्त पडते. यांशिवाय निसर्गाला इजा न करता वावरण्याची तत्त्वे, जमिनीवरील प्रवेशाचे हक्क, विमा व कायदा, उपक्रमाचे अर्थकारण आणि अपंग व्यक्तींसाठी उपक्रमांची आखणी हे विषयही असतात.

पदवी आणि प्रमाणपत्र : इंग्लंडमधील पदवी सामान्यतः तीन वर्षांची आणि ३६० श्रेयांकांची (क्रेडिट) असते. एका श्रेयांकाला सुमारे दहा तासांचा अभ्यास धरला, तर ती ३,६०० तासांची होते. लेक डिस्ट्रिक्टमधील अँबलसाइड येथे परिसर असलेले कंब्रिया विद्यापीठ आणि प्रेस्टन येथील लँकेशर विद्यापीठ (पूर्वीचे सेंट्रल लँकेशर विद्यापीठ) ही या विषयातील परिचित नावे आहेत. मात्र पदवी मिळाली म्हणजे गट नेण्याचा अधिकार मिळाला असे होत नाही. त्यासाठी त्या त्या क्रीडाप्रकाराच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र लागते. उदाहरणार्थ, ‘माउंटन लीडर’ या ब्रिटिश पात्रतेच्या प्रशिक्षणाआधी डोंगरातील किमान २० दर्जेदार दिवस नोंदवहीत असावे लागतात आणि अंतिम मूल्यमापनापूर्वी ते किमान ४० व्हावे लागतात. तंबूतील किमान आठ रात्री लागतात, त्यांपैकी चार आखीव तळांबाहेरच्या मोकळ्या डोंगरात. मूल्यमापन पाच दिवस चालते आणि त्यात रात्रीचे मार्गशोधनही तपासले जाते. ही पात्रता हिवाळ्यासाठी नाही आणि दोर लावूनच करायच्या वाटांसाठीही नाही. पात्रतेची मर्यादा इतक्या स्पष्टपणे लिहून देणे ही या पद्धतीची मोठी ताकद आहे.

मग विद्यापीठाचे स्वतःचे काम काय उरते, हा प्रश्न रास्त आहे आणि या क्षेत्रातच तो वारंवार विचारला जातो. काही मालकांना पदवीपेक्षा प्रमाणपत्रे आणि चार हंगामांचा अनुभव अधिक मोलाचा वाटतो. हंगामी नोकऱ्या, बेताचे वेतन आणि पदवीचा खर्च यांचा मेळ बसत नाही, ही तक्रारही खरी आहे. तरीही आठवड्याचे प्रशिक्षण गाठ शिकवू शकते, विवेक शिकवू शकत नाही. विवेक वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या गटांबरोबर, कोणीतरी पाहत असताना घेतलेल्या निर्णयांतून आणि त्यांच्या शांतपणे केलेल्या चिकित्सेतून तयार होतो. त्यासाठी तीन वर्षांचा काळ, अनुभवी अध्यापक आणि चूक कबूल करण्याची मोकळीक एकत्र मिळण्याची जागा विद्यापीठाइतकी दुसरी क्वचितच असते.

भारत आणि महाराष्ट्र : भारतात हे शिक्षण मुख्यतः गिर्यारोहण संस्थांकडे राहिले. तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर केल्यानंतर ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली, आणि १९६५ मध्ये उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था सुरू झाली. बेसिक, ॲडव्हान्स आणि त्यानंतर प्रशिक्षक घडवणारा ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ असा त्यांच्या अभ्यासक्रमांचा क्रम असून पुढच्या पायरीसाठी आधीच्या पायरीवर ‘अ’ श्रेणी लागते. महाराष्ट्रातील असंख्य गिर्यारोहकांची पहिली शाळा हीच आहे. मात्र या संस्थांचा भर हिमालयीन तंत्रावर आहे. महाविद्यालयीन सहली काढणारे अध्यापक किंवा शनिवार-रविवारी ट्रेक नेणारे लीडर यांच्यासाठी त्या मुळात आखलेल्या नाहीत. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी बियास नदीत वाहून गेले. नदीकाठच्या जागेचा धोका वाचता येणे हे सहल नेणाऱ्याच्या शिक्षणात का असले पाहिजे, हे त्या दिवसाने दाखवून दिले.

महाराष्ट्रात गिर्यारोहणाच्या संस्थांची परंपरा जुनी आहे. मुंबईची गिरिविहार १९५४ पासूनची आहे. विद्यापीठीय पातळीवर पुण्यात गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांनी मिळून गिर्यारोहण व संलग्न क्रीडाप्रकारांचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची आणि सुरक्षिततेच्या निकषांची चौकट आखली. नोंदणीची चौकट असली तरी ती भरण्यासाठी शिकलेले लीडर लागतात, आणि त्यांचा अभ्यासक्रम ब्रिटनमधून जसाच्या तसा उचलता येणार नाही. तेथील डोंगरात मोठा धोका थंडीचा असतो. सह्याद्रीत एप्रिल-मेमधला उष्माघात, पाण्याची आटलेली टाकी, पावसाळ्यात शेवाळलेला कातळ, घसाऱ्याच्या वाटा, अचानक वाढणारे ओढे, आग्या मोहोळ, दाट धुक्यात फुटणाऱ्या गुरांच्या वाटा आणि सुट्टीच्या दिवशी एकाच वेळी एखाद्या गडावर चढणारी शेकडो माणसे हे खरे प्रश्न आहेत. पुढे लीडर, मागे शेवटच्या माणसाबरोबर चालणारा स्वीप आणि गावातला वाटाड्या ही येथील संस्थांनी रुळवलेली रचना अशा अभ्यासक्रमाची सुरुवात ठरू शकते. दरीत अडकलेल्यांना वर काढणाऱ्या लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या स्वयंसेवी पथकांचा अनुभव नीट नोंदवला गेला, तर अभ्यासासाठी लागणारी येथील उदाहरणेही मिळतील.