पहिले पिवळे दूध पिळून टाकू नका
बाळंतिणीचे पहिले घट्ट, पिवळसर दूध बाळाला बाधते, ते पिळून टाकावे आणि तोवर मध किंवा गुळाचे पाणी चाटवावे, हा मराठवाड्यातील काही घरांत अजूनही ऐकू येणारा समज चुकीचा आहे. या चिकात संरक्षक प्रतिपिंडे भरपूर असतात. शिवाय आईच्या दुधातील काही शर्करा बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोहोचून बायफिडोबॅक्टेरियम या उपयुक्त जिवाणूंचे अन्न बनतात, आणि हे जिवाणू जी आम्ले तयार करतात त्यांमुळे अनेक रोगकारक जिवाणूंच्या वाढीला आळा बसतो. आजीची माया खरीच, पण मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून 1 वर्षापर्यंत तो मुळीच देऊ नये. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करावे आणि 6 महिने केवळ आईचेच दूध द्यावे.