तरंगता ठिपका

म्हापसा आणि भोवतालच्या शेतांचा गेल्या शतकाच्या मध्यातला नकाशा परवा मित्राला दाखवत होतो. तिथल्या आल्तिनो टेकडीच्या चढावर दाटलेल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, पाहून तो म्हणाला, “एवढे डोंगर चढून मोजायचे म्हणजे जन्म गेला असेल बिचाऱ्यांचा!” पुष्कळांना असंच वाटतं. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, घेऊन हिंडणारे मोजणीदार होतेच. पक्के बिंदू त्यांनी ठरवायचे. रेषा मात्र तोवर जगभर विमानातून घेतलेल्या फोटोंवरून निघू लागल्या होत्या.

विमान एकच जमीन दोन जागांवरून टिपतं. शेजारचे दोन फोटो साधारण ६० टक्के एकमेकांवर येतात. डावा डाव्या डोळ्यापुढे, उजवा उजव्या डोळ्यापुढे ठेवला की मेंदू दोन्हींचं एक चित्र करतो आणि टेकडी कागदातून वर उठते. उंच भाग कॅमेऱ्याला जवळ, म्हणून तो दुसऱ्या फोटोत जास्त सरकलेला असतो. धावत्या बसमधून जवळचा माड झपकन मागे पडतो, लांबचा डोंगर जागीच राहतो, तसंच. विमान ३००० मीटरवर असेल आणि सपाट जमीन दोन फोटोंत ९ सेंटीमीटर सरकली असेल, तर २० मीटर उंचीचा फरक फोटोवर जेमतेम ०.६ मिलिमीटर भरतो.

हा फरक पकडायची युक्ती मला फार आवडते. फोटो पाहायच्या त्या काळच्या यंत्रात प्रत्येक डोळ्यापुढे एक बारीक ठिपका असायचा. मेंदू त्यांचाही एकच करतो आणि तो जमिनीवर तरंगताना दिसतो. चाक फिरवून तो २० मीटरच्या उंचीवर रोखायचा आणि जमिनीला टेकलेला राहील अशा बेताने पुढे न्यायचा. यंत्राला जोडलेली पेन्सिल रेघ ओढत जायची. तीच समोच्च रेषा!

माडांच्या बागेत हा ठिपका झावळ्यांवर टेकतो. या नकाशात रेषा दर २० मीटरला आहेत, म्हणून माड २० मीटरचा असला तर अख्खी एक रेषा चुकते. म्हणून झाडांची उंची जागेवर मोजून वजा करतात.

नदीकाठची खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, मात्र नकाशात कोरी. त्यावरून कोणी ‘सपाट आहे, भराव घाला’ म्हणाला तर मुळीच ऐकू नये. ‘ईशान्येला उतार, म्हणून शुभ’ हेही तितकंच निराधार. पाणी दिशा पाहत नाही, उतार पाहतं. खाजनाची जमीन भरतीच्या पातळीखाली असते. तिथे एका मीटरवर भाताचं पीक अवलंबून, आणि तो मीटर ० ते २०च्या रेषांमध्ये कुठेच दिसत नाही. दिसते ती बांधाची बारीक रेघ. त्या बांधात मानस असते: ओहोटीला तिची लाकडी दारं उघडून शेतातलं पाणी बाहेर पडतं, आणि भरती चढू लागली की नदीच्याच दाबाने ती मिटतात.