स्वभावाला औषध नाही?

‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण सहज बोलून जातो. नैराश्याच्या बाबतीत या वाक्याने दोन्हीकडून घात होतो. आजारी माणसाला ‘रडका स्वभाव’ म्हणून सोडून दिलं जातं आणि ज्याचं मूळ दुखणं व्यक्तिमत्त्व विकाराचं (म्हणजे विचार, भावना आणि नाती यांच्या खोल रुजलेल्या, त्रासदायक घडणीचं) आहे, त्याच्या फक्त गोळ्या बदलत राहतात.

नैराश्याच्या निदानासाठी ठरलेल्या 9 पैकी किमान 5 लक्षणं किमान 2 आठवडे, जवळजवळ रोज दिसावी लागतात. त्यांत उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं, यांपैकी एक हवंच. व्यक्तिमत्त्व विकार मात्र बहुधा किशोरवयापासून किंवा ऐन तारुण्यापासून सोबत असतो.

व्यक्तिमत्त्व विकाराचा ‘बॉर्डरलाइन’ प्रकार पाहा. यात भावना झपाट्याने बदलतात आणि आपल्याला सोडून दिलं जाईल ही भीती असते. दुपारच्या मेसेजला तासभर उत्तर आलं नाही. ‘मी नकोशी झालेय’ या शंकेची लगेच खात्री होते. पाठोपाठ दहा फोन, एक जळजळीत मेसेज. समोरचा बिचकून मागे सरतो आणि भीती खरी ठरते. संध्याकाळी त्याने समजूत काढली की मन पुन्हा थाऱ्यावर. हा चढउतार सहसा काही तासांचा असतो; क्वचितच काही दिवसांहून जास्त टिकतो. पण हे चक्र फिरत राहिलं की नाती तुटतात, नोकरी सुटते आणि मग 2 आठवड्यांच्या कसोटीला उतरणारं नैराश्यही येतं. दोन्ही आजार इतक्यांदा एकत्र सापडतात, त्यामागचं हे एक कारण.

उलटी चूकही होते: नैराश्यालाच व्यक्तिमत्त्व विकार समजलं जातं. ऐन नैराश्यात व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली भरून घेतली, तर ‘मी पहिल्यापासून असाच’ असं उत्तर येतं, कारण आजार आठवणींनाही काळा रंग देतो. म्हणून ‘बरं होतं तेव्हा कसे होतात?’ हे विचारावं, घरच्यांनाही विचारावं. पत्रिकेतले ग्रह किंवा पाच प्रश्नांची ऑनलाइन चाचणी हा फरक सांगू शकत नाही. त्यात उपचारांचे महिने वाया जातात, याची चीड येते.

नैराश्य असेल तर त्याचे उपचार हवेतच. बॉर्डरलाइनवर मात्र मुख्य उपचार संवादातून होणाऱ्या मानसोपचाराचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या मानसोपचारात आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, शिवाय गटात कौशल्यांचा सराव आणि रोजची डायरी असते. भावनांचा स्फोट झाला की त्याची साखळी कडी-कडीने मांडतात: आदल्या रात्रीची अपुरी झोप, न आलेलं उत्तर, मनातलं वाक्य, छातीतली धडधड, फोन, परिणाम. मग कोणती कडी आधी सोडवता येईल, ते शोधतात. कधी ती झोपेचीही निघते.