जॉइंट अकाउंट म्हणजे निम्मे पैसे वाचले? नाही हो

अमेरिकेतल्या आपल्या लोकांत हे कधीपासून फिरतंय, की आईच्या खात्यावर मुलाचं नाव टाकलं की नर्सिंग होमच्या (म्हाताऱ्या-आजारी माणसांना ठेवून देखभाल करतात ते) खर्चासाठी मेडिकेडचा, म्हणजे कमी पैसेवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा, अर्ज करताना निम्मेच पैसे तिचे धरतात. असं काही नसतं. खात्यात ४०,००० डॉलर असतील तर सगळे ४०,००० आईचेच धरून चालतात, आणि मेडिकेड मिळायला स्वतःकडे किती पैसे चालतात याचं लिमिट बऱ्याच राज्यांत आहे फक्त २,००० चं. मुलाने स्वतःचे टाकले असतील तर सिद्ध करायचं तुम्हीच, जुनी स्टेटमेंटं काढून, कुठला चेक कोणाचा ते दाखवत बसा. बरं, मुलाने मधेच १०,००० काढून स्वतःसाठी वापरले तर ते आईने फुकट दिले असं धरू शकतात, बहुतेक ठिकाणी असे व्यवहार शोधायला अर्जाआधीची ५ वर्षं चाळतात. नवरा-बायकोचं गणित वेगळं, तिथे दोघांचं मिळून मोजतात. नुसती बिलंच भरायचीत तर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करा ना, खात्यावर नाव कशाला?