टाचा उचला, हळूच टेका

"घाम येत नाही तो व्यायाम कसला?" बडोद्याच्या कमाटी बागेत चीगोंग, म्हणजे संथ हालचाली आणि लांब श्वासांचा चिनी व्यायाम, करणारा घोळका बघून आमचे नाना म्हणाले. दांडिया बाजारातल्या आखाड्यात मल्लखांब केलेला माणूस, वय एकाहत्तर. त्यांना हे संथ हातवारे म्हणजे पोरखेळच वाटणार! "नाना, नुसत्या टाचा उचलून उभे राहा ना," मी म्हटलं. राहिले. तिसऱ्या सेकंदाला हात बाकाच्या पाठीवर.

बादुआनजिन या चीगोंगमधल्या आठ हालचालींच्या जुन्या क्रमातली ही शेवटची हालचाल. सात वेळा टाचा उचला, शंभर आजार पळतील, असं तिचं वचन सांगतं. शंभराचं सोडा, पण पोटरीपुरतं त्यात तथ्य आहे. उभं राहिलं की रक्त पायांत साचू लागतं. पोटरी आवळली की आतल्या शिरा पिळल्या जातात, आणि शिरांमधल्या झडपा खालची वाट अडवतात, म्हणून रक्त हृदयाकडे चढतं. त्याच वेळी घोटे, तळवे, डोळे आणि आतला कान यांच्याकडचे निरोप जुळवत मेंदू तोल सावरत असतो. हळू हालण्यात खरी कसोटी इथेच आहे. सायकल अगदी सावकाश चालवून बघा, कळेल.

चीगोंगचं भावंड असलेल्या ताईचीवर २०१२ साली अमेरिकेत पार्किन्सन म्हणजे कंपवाताच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ताईची करणाऱ्यांचा तोल ताकदीचे व्यायाम करणारे आणि स्ट्रेचिंग करणारे या इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त सुधारला, आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

राहिला श्वास. मनगटावर नाडी धरा. श्वास घेताना ती किंचित धावते, सोडताना मंदावते. श्वास सोडताना व्हेगस नावाची चेतातंतूंची वाट हृदयाला लगाम घालते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले, तर रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेची लय श्वासाच्या लयीशी जुळते आणि नाडीचा हा चढउतार चांगलाच वाढतो. चीगोंगमधला लांब श्वास साधारण याच वेगाकडे जातो, आपला प्राणायामही.

'ची' म्हणजे वाफ, श्वास, जीवनशक्ती. आपण लगेच 'म्हणजे प्राणच' म्हणून मोकळे होतो. ती मोजणारं यंत्र मात्र नाही, आणि वरचं काहीही समजायला तिची गरज पडत नाही. परंपरा जुनी आहे, यात वाद नाही. १९७३ साली चीनमधल्या मावांगद्वेच्या कबरीत सापडलेल्या रेशमी चित्रात ४४ माणसं असेच व्यायाम करताना दिसतात. कबर इसवीसनपूर्व १६८ ची. पण जुनं म्हणून गुणकारी, हा हिशेब मला पटत नाही. शिवाय अभ्यास करताना इथे गोळीसारखी खोटी मात्रा देऊन तुलना करता येत नाही, आपण काय करतोय ते करणाऱ्याला माहीतच असतं, आणि नुसत्या विश्वासानेही बरं वाटू शकतं. त्यामुळे झोप, मूड यांबद्दलचे दावे जरा जपूनच घ्यावेत. ब्लडप्रेशरची गोळी तर अजिबात सोडू नये.

नाना आता बाक धरून रोज टाचा उचलतात. घाम येत नाही ही तक्रार कायम आहे. पोटऱ्या मात्र दुखतात म्हणे.